बत्तीस मिलिमीटर

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
एका भिंतीपलीकडे बिस्किटांचं पॅकिंग,
दुसरीपलीकडे पंपांचं रिवाइंडिंग.
मध्ये आम्ही : नऊ माणसं, चार लेथ,
आणि एसी असलेली एकच खोली.
एसी माझ्यासाठी नाही, मायक्रोमीटरसाठी.

तिथे मी कडी मोजते.
ऑर्डरवर तिचं नाव लांबलचक आहे, आम्ही कडी म्हणतो.
बाहेरून बत्तीस मिलिमीटर,
चुकायची मुभा दोन मायक्रॉन.
म्हणजे किती गं, सासूबाई विचारतात.
मी म्हणते, एक केस घ्या,
त्याच्या उभ्या पस्तीस चिरफळ्या करा, त्यातली एक.
त्या म्हणतात, मग जेवायला किती वाजता येशील?

कडी कुठे बसते ते आम्हाला सांगत नाहीत.
नकाशाचा तेवढाच कोपरा येतो, बाकी कागद कोरा.
कुठल्याशा झडपेत, एवढं कळलंय,
आणि झडप वर जाते, एवढं.
अनंत मोहिते ती कातताना रेडिओ बंद करतो.
शिंक आली तर शेडबाहेर जातो, शिंकतो, परत येतो.
पत्रकावर शेवटी माझी दोन अक्षरं :
वृं. खा.

उड्डाणाच्या संध्याकाळी भानुभाई पंचालांनी
सेव-उसळ मागवली, अठरा प्लेट.
मोबाइल लेथच्या चकमध्ये आवळून उभा केला.
आकडे उलटे उतरत आले.
आग लागली तरी तो क्षणभर तिथेच,
निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा,
मग गेला.

पहिला टप्पा सुटला. टाळ्या.
दुसरा सुटला. कुणीतरी पाव मोडला.
पडद्यावर दोन रेघा :
एक, जायला हवं ती. एक, जात होता ती.
एकीवर एक, शिवणीसारख्या.
सातव्या मिनिटाला त्यातली खरी
जरा वाकली.
जरा.
मी रोज ज्या जरासाठी माल परत पाठवते, तेवढंच जरा.
"नेटवर्क असेल," मोहिते म्हणाला.

तिकडची माणसं खुर्च्यांत मागे टेकली.
एकानं चष्मा काढला, पुसला, घातलाच नाही.
"खाई लो," भानुभाई म्हणाले, "ठंडुं थई जशे."
उसळ शेवटी पंपवाल्यांनी नेली.

रात्री मी जुनी पत्रकं काढून बसले.
अकरावी कडी, दुपारी तीन वाजता.
त्या दिवशी धाकट्याला ताप होता.
मी तीनदा मोजली होती ना?
का दोनदाच?
अक्षर तर माझंच आहे,
पण अक्षराला काय आठवणार.

तेवीस दिवस.
येताजाता विश्वामित्रीच्या पुलावरून मगरी दिसायच्या,
काठावर पडलेल्या, हलत नाहीत,
मेलेल्याही नसतात.
तसलं काहीतरी माझ्या पोटात.

मग पत्र आलं. झडप ठीक होती.
दोष एका सांध्याचा,
दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या कुणाच्या शेडमधला.
भानुभाईंनी पोराला पेढ्यांना पिटाळलं,
आणि गल्लीच्या तोंडावरून
हाका मारमारून परत बोलावलं.
मोहिते म्हणाला, बरं केलंत.
मी मात्र त्याआधीच, पत्र हातात असताना,
हसले होते. कुणी पाहिलं नाही.

तिथेही पत्रक असेल, खाली दोन अक्षरं.
का कोण जाणे, मी ती बाई आहे असंच धरते.
तिचाही कुणीतरी आजारी असेल त्या दिवशी,
किंवा नसेलही, सगळं नीट असेल,
आणि तरी.

आमची कडी समुद्रात असेल,
नाहीतर वरच्या वर जळाली असेल
अगदी बरोबर मापाची.

शुक्रवारी नवी ऑर्डर आली, चोवीस नग.
मोहितेनं रेडिओ बंद केलाय.
मी मोजते. पुसते. पुन्हा मोजते.
बाहेर टेबलावर माझा फोन वाजतोय, सासूबाई असणार.
वाजू दे.